गाडीखालची चादर

तेलाची सुई पुन्हा खाली आली आणि मोहियोद्दीनने गाडी थांबवली.

"आता काय?" शेजारी बसलेले व्यंकटराव देशमुख खेकसले. मांडीवरची बंदूक त्यांनी घट्ट धरली.

"इंजिनातलं तेल कमी झालंय, मालक. बघावं लागंल."

"मागं पोलिसांचा ट्रक हाय अन् तू तेल बघून राहिला?"

मागच्या सीटवर धाकटा भाऊ उत्तमराव कण्हत पडला होता. जकात वसूल करणारं करोडगिरीचं नाकं जाळताना त्याच्या मांडीत गोळी शिरली होती. पैनगंगा ओलांडली की हिंदुस्थान. अलीकडे सापडला तर निजामाचे पोलीस त्याला तुरुंगापर्यंत तरी जिवंत नेतील का, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं.

मोहियोद्दीनने टोपण उघडलं, पट्टी बाहेर ओढली, खांद्यावरच्या फडक्याने पुसून पुन्हा बुडवली. तिचं जेमतेम टोक ओलं झालं. त्याने उरलंसुरलं तेल ओतलं आणि रिकामा डबा पायाशी ठेवला.

"गाडी पेट्रोलवर पळती मालक, पर जगती तेलावर. एवढी दामटली की तेल तापून पान्यावानी पातळ होतंय. त्यात ते कमी पडलं तर इंजिन जागच्या जागी जाम व्हईल."

व्यंकटरावांचं लक्ष मागे गेलं. पांढऱ्या फुफाट्यावर काळे थेंब पडले होते. एकामागोमाग एक, थेट वळणापर्यंत.

त्यांच्या मनात पाल चुकचुकली.

ही आठ सिलिंडरची गाडी त्यांनी हैदराबादच्या एका नवाबाकडून घेतली होती. नवाब ती शर्यतीत पळवायचा. तिच्यापायी मोहियोद्दीनने बायकोला कधी जत्रा दाखवली नाही, असं गावात चेष्टेने म्हणत. दर गुरुवारी रात्री तो गाडीखाली पांढरी चादर अंथरायचा आणि शुक्रवारी सकाळी ती मालकांपुढे झटकून दाखवायचा. "बघा, डाग हाय का? माझ्या मालकाच्या गाडीतून थेंब गळत न्हाई." इतक्या वर्षांत चादरीला डाग पडला नव्हता.

आणि नेमकी आजच गाडी गळत होती.

जवळा बाजारहून निघताना चुलतभावाने त्यांना बाजूला घेतलं होतं. "दादा, दिवस वाईट हायेत. मोहियोद्दीनचा मेव्हना हिंगोलीला पोलिसात जमादार हाय. इसरू नका." तेव्हा व्यंकटरावांनी त्यालाच झापलं होतं. आता त्याचे शब्द त्यांच्या कानात घुमत होते. संशयाला एकदा घरात घेतलं की तो ओसरीवर बसत नाही, थेट माजघरात शिरतो.

"तेल कशानं गळतंय रे?" त्यांनी शक्य तितक्या सहज विचारलं.

"औंढ्याम्होरच्या नाल्यात खालून दगड लागला, मालक. खाडकन वाजलं न्हाई का? तुमी म्हनला, थांबू नगंस, हान."

व्यंकटरावांना काहीच आठवत नव्हतं. त्या वेळी ते मागे वळून उत्तमच्या मांडीला धोतर बांधत होते. म्हणून उत्तरही आधीच ठरवून ठेवल्यासारखं वाटलं.

कळमनुरीच्या पुढे फाटा आला. उजवीकडे नांदेडची सडक, डावीकडे नदी पायी ओलांडायच्या उताराकडे जाणारी गाडीवाट. तिथे मोहियोद्दीनने गाडी पुन्हा थांबवली आणि न विचारता डबा घेऊन खाली सरकला. गळणारं तेल डब्यात धरत तो चिंध्या आणि साबण भोकात कोंबू लागला.

मागे, दूरवर, धुळीचा लोट उठला.

"दादा..." उत्तमने क्षीण हाक मारली. "आला का ट्रक?"

व्यंकटरावांनी बंदूक उचलली. ते खाली उतरले. मोहियोद्दीन हसत बाहेर आला. त्याचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते आणि डबा निम्मा भरला होता.

"बसलं बराबर! आता थेंब गळनार न्हाई. येवढं तेल फडक्यातून गाळतो अन् परत आत—"

"सरक मागं." व्यंकटरावांनी बंदूक रोखली.

मोहियोद्दीनचं हसू मावळलं. "मालक?"

"वाटभर खुना टाकत आलास. वरून थांबून थांबून त्यांना जवळ आनलंस. माझं मीठ खाऊन!"

मोहियोद्दीनने आधी बंदुकीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. त्याचे डोळे भरून आले, पण त्याने शपथ घेतली नाही.

"तेल तेवढं टाकू द्या, मालक. उत्तमदादासाठी."

"हात लावू नगंस गाडीला!"

"मंग हळू चालवा. सुईवर नजर ठिवा."

गाडी चालवायला त्यांना त्यानेच शिकवलं होतं. व्यंकटरावांनी गाडी डावीकडे वळवली. वळताना फाट्यावर तो डबा घेऊन उभा असलेला दिसला. आता हा हात करून पोलिसांना वाट दाखवणार, या विचाराने त्यांनी गाडी आणखी दामटली.

सुई तळाला टेकली. इंजिन आतून ठोकू लागलं. उताराच्या तोंडाशी करकर आवाज झाला आणि गाडी कायमची थांबली. पण नदीपलीकडच्या, निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या कॅम्पातली माणसं धावत आली आणि उत्तमला खांद्यावर घालून वैशाखातल्या गुडघाभर पाण्यातून घेऊन गेली.

पैलतीरावर व्यंकटराव बंदूक रोखून बसले. ट्रक आलाच नाही. देवाने डोळे उघडले, असं म्हणून त्यांनी हात जोडले.

दिवस कलताना भावसिंग नावाचा बंजारा बैल घेऊन नदी उतरून आला. व्यंकटरावांनी त्याला ट्रकबद्दल विचारलं.

"तो व्हय? त्यो नांदेडच्या सडकंनं गेला की. रस्त्यावर तेलाचे थेंब व्हते, त्येच्या मागं मागं. वळनाम्होरं थेंब सरले. तितं एक मानूस बसला व्हता, धापा टाकत, रिकामा डबा घिऊन. माज्यासमोर लई मारला त्याला. गाडी कुठं गेली, काहून बोलत न्हाईस, म्हनून. पर त्यो गडी एकच बोलत व्हता."

"काय?"

"म्हनं, माझ्या मालकाच्या गाडीतून थेंब गळत न्हाई."