पाचवी चिठ्ठी

डब्यात पाच चिठ्ठ्या होत्या आणि घरात मतदार चार.

तिने बोटांनी चाचपून पुन्हा मोजल्या. झाकणाला फट पाडलेला चहाचा जुना डबा तिच्या मांडीवर होता आणि टेबलापलीकडून आई, बाबा आणि धाकटा भाऊ तिच्याकडे बघत होते. पीएचडीसाठी तिला दोन विद्यापीठांनी घेतलं होतं. संध्याकाळी सहाच्या आत एकाला होकार कळवायचा होता.

बाबांनी चौतीस वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावरही ते घराला शिकवत राहिले. भिंतीच्या रंगापासून मांजर पाळण्यापर्यंत सगळे प्रश्न या डब्यात सुटायचे. एकेकाने आतल्या खोलीत जायचं, चिठ्ठीवरच्या दोन शब्दांपैकी एकासमोर फुली मारायची, आणि कुणी कुणाला काय केलंस म्हणून जन्मात विचारायचं नाही. मोजणी तिच्याकडे, दहा वर्षांची असल्यापासून. राज्यशास्त्राचं खूळ तिच्या डोक्यात शिरलं ते इथूनच. एक जरी चिठ्ठी जास्त निघाली तरी मतदान रद्द. मांजराच्या वेळी धाकट्याने दोन टाकल्या होत्या. त्याचा कान पिळला गेला आणि मांजर कायमचं हुकलं.

आज चिठ्ठीवर दोनच शब्द होते, ‘दूर’ आणि ‘इथे’. दूर म्हणजे पाच वर्षं, विमानाने अख्खा एक दिवस, आणि जिचे लेख वाचून तिने विषय ठरवला ती प्राध्यापिका स्वतः मार्गदर्शक. लोक चारचौघांत एक सांगतात आणि मतपेटीत दुसरंच टाकतात, ते का, हा तिचा विषय. इथे म्हणजे घरापासून वीस मिनिटं, आणि भले मार्गदर्शक, ज्यांना तिच्या विषयातलं ओ की ठो कळत नव्हतं.

बाबांनी महिनाभर एकच धोशा लावला होता, जा. शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगून झालं. प्रवासाची मोठी बॅग आणून झाली. चार दिवसांनी त्यांनी तशीच दुसरी बॅग आणली, तेव्हा सगळे हसले. बाबाही हसले. आईचं हसू मात्र मध्येच थांबलं होतं.

आज बाबाच सगळ्यांत आधी आत जाऊन मत देऊन आले. मग आई, धाकटा, शेवटी ती. ती बाहेर आली तेव्हा बाबा पुन्हा आत जाताना दिसले. डबा आणायला जात असतील, असं तिला वाटलं. डबा त्यांनी आणलाही होता. आता तिने मान वर करून बाबांकडे पाहिलं.

“किती निघाल्या?” बाबांनी विचारलं.

“चार,” ती म्हणाली, आणि एक चिठ्ठी मुठीत दाबली. इतक्या वर्षांच्या मोजणीतली ती तिची पहिली लबाडी.

तिने चार उघडल्या. दूर. दूर. इथे. दूर.

“स्पष्ट बहुमत,” बाबा म्हणाले. “विरोधात एक तरी असावंच, त्याशिवाय लोकशाहीला शोभा नाही.” ते उठून बाल्कनीत गेले. धाकट्याने ताईची खोली आता माझी असं जाहीर केलं. तो आठवडाभर हेच सांगत होता, त्याचं मत कुणापासून लपलेलं नव्हतं.

ती आईच्या मागे स्वयंपाकघरात गेली. “आई, ते एक मत तुझं ना?”

“विचारायचं नसतं,” आई म्हणाली. मग ओटा पुसता पुसता थांबली. “माझं नाही. मी दूरवर फुली मारली. तू जा. यांचं मी बघेन. डॉक्टरांना दाखवायचं चाललंच आहे माझ्या मनात.”

म्हणजे आईलाही माहीत होतं. तिने मूठ उघडली. चिठ्ठी घामाने ओली झाली होती. फुली ‘इथे’समोर होती, मघाच्या ‘इथे’च्या चिठ्ठीवर होती तशीच, कागद फाटेल इतकी दाबून.

मत दिल्याचं बाबा विसरले होते. काय हवंय ते विसरले नव्हते. अभ्यासासाठी दोन वर्षं ती अनोळखी लोकांच्या दारात जाऊन, बोलता एक आणि मत देता दुसरं ते का, हेच विचारत फिरली होती, आणि घरात बॅगा मोजून हसली होती. तिला स्वतःची लाज वाटली आणि भीतीही वाटली.

सहाला वीस मिनिटं होती. ती लॅपटॉप उघडून टेबलाशी बसली. पडद्यावर दोन्ही पत्रं शेजारी शेजारी होती. दूरच्या पत्रात त्या प्राध्यापिकेने स्वतःहून एक ओळ लिहिली होती, तुझी वाट बघते आहे. ती ओळ तिने इतक्या वेळा वाचली होती की आता ती डोळे मिटूनही दिसायची. आई जा म्हणाली होती. बहुमतही जा म्हणत होतं. तिने बाण दूरच्या होकारावर नेला.

बाबा बाल्कनीतून आत आले आणि दारातच उभे राहिले. नजर टेबलावरच्या रिकाम्या डब्यावर गेली.

“मोजणी झाली का गं?”

तिने वर पाहिलं. ते चेष्टा करत नव्हते.

“झाली, बाबा.”

“मग?” त्यांनी दाराची चौकट धरली होती. “काय निघालं?”

“इथे,” ती म्हणाली, आणि इथल्या होकाराचं बटण दाबलं. “एकमताने.”

बाबांनी खुर्ची ओढली आणि तिच्या अगदी शेजारी बसले. “अरेरे,” ते म्हणाले, आणि महिन्याभरात पहिल्यांदा त्यांना पोटभर हसू आलं.