गळती
शेजारच्या अणुप्रकल्पातली गळती आपण पकडली तर गल्लीत आपला शब्द चालेल, एवढाच निवृत्त मास्तरांचा हिशेब. किरणोत्सार मोजणारं यंत्र खिडकीत ठेवून ते दिवसभर त्याच्यासमोर ठाण मांडून बसत. त्या दुपारी बायको चहा घेऊन आली आणि यंत्र किंचाळत सुटलं. "गळती!" मास्तरांनी गल्ली गोळा केली. बायको स्वयंपाकघरात गेली, यंत्र गप्प. सगळ्यांसाठी कप घेऊन परतली, पुन्हा किंचाळलं. "मास्तर, तुमची गळती घरातच चालतेफिरते की!" शेजारीण खिदळली. मास्तर बायकोवर खेकसले, "काय लपवलंयस अंगावर?" बायकोने कप आपटले. "सकाळी एकटीच हृदयाची तपासणी करून आले, तिथे किरणोत्सारी औषध टोचतात. महिनाभर सांगतेय, छातीत दुखतं. तुमचं आपलं एकच, थांब, आकडा बघतोय!" अणुप्रकल्प निर्दोष सुटला, गल्लीची करमणूक झाली, मास्तरांच्या हौसेची किंमत तिच्या हृदयाने मोजली.