कडू नसलेली बीअर

अनीशने वजनकाट्यावरून आणखी चार गोळ्या उचलल्या आणि पाकिटात परत टाकल्या. काटा दहा ग्रॅमवर आला.

“अरे यार, एवढ्याने काय होणार?” ऋषी म्हणाला. “ही बीअर आहे की पन्हं?”

“आसावरीला कडू चालत नाही.”

“वहिनी बिनसाखरेची काळी कॉफी पितात. मी स्वतः पाहिलंय.”

“कॉफी वेगळी,” अनीश म्हणाला आणि पाकीट बंद केलं.

त्या हिरव्या गोळ्या हॉप्सच्या होत्या. हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं, वाळवून दाबलेली. बीअरला कडवटपणा येतो तो त्यांच्यामुळे. जितका वेळ उकळाल तितकी बीअर कडू. ऋषी त्या तासभर उकळायचा. अनीश शेवटची पाच मिनिटं उरेपर्यंत थांबणार होता. तेवढ्यात फक्त वास उतरतो.

तीन वर्षं दोघं मित्र ऋषीच्या गॅरेजमध्ये बीअर बनवत होते, कारण अनीशचं बिऱ्हाड अपार्टमेंटमध्ये होतं. या वसंतात अनीश आणि त्याची बायको आसावरी यांनी अमेरिकेत, ओहायोतल्या डब्लिनमध्ये घर घेतलं. आता गॅरेज स्वतःचं होतं, आणि त्यात पहिली बीअर कुणासाठी करायची हे अनीशने सामान हलवतानाच ठरवलं होतं. ही मित्रांसाठी नव्हती. ही आसावरीसाठी होती.

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. या अकरा वर्षांत दोघांनी एकदाही ग्लासला ग्लास लावला नव्हता. ऋषीकडे, मैत्रीण नीनाकडे, कधी पार सिनसिनाटीला, कितीतरी पार्ट्या झाल्या. प्रत्येक पार्टीत अनीश कौतुकाने तिच्यापुढे ग्लास धरायचा. ती एक घोट घ्यायची, नाक मुरडायची आणि म्हणायची, “कडू आहे रे.” मग लिंबू सरबत घेऊन बसायची. ती हसायची, गप्पा मारायची, सगळ्यांच्या फिरक्या घ्यायची. तरी अनीशला वाटायचं, आपल्याला जे इतकं आवडतं त्यात ही नाही. ते त्याला आता चालणार नव्हतं.

पहिला घाणा पाण्यासारखा झाला. अनीशने तो सिंकमध्ये ओतला.

दुसऱ्याला उकडलेल्या मक्याच्या कणसाचा वास येऊ लागला. सामान विकणाऱ्या दुकानातल्या म्हाताऱ्याने एकच प्रश्न विचारला, “उकळताना झाकण ठेवलं होतं का?” ठेवलं होतं. वरणावर ठेवतात तसं, गॅस वाचावा म्हणून. म्हातारा खो खो हसला. “झाकण काढ,” तो म्हणाला. “नको असलेला वास वाफेबरोबर जाऊ दे.”

तिसऱ्या वेळी अनीश उघड्या पातेल्याजवळ तासभर उभा राहिला. जव, थोडा मका, दहा ग्रॅम हॉप्स. मग दोन आठवडे यीस्टला त्याचं काम करू दिलं आणि दोन आठवडे बाटल्या अंधारात ठेवल्या. या चार आठवड्यांत त्याने एकही बाटली उघडली नाही. ऋषीने आग्रह केला, टोमणे मारले. अनीश बधला नाही. पहिला घोट आसावरीचाच.

शनिवारी दुपारी तिघं घरामागच्या लाकडी डेकवर बसले. ऋषीने स्वतःची बाटली बरोबर आणली होती. “मला पन्हं नको,” तो म्हणाला. “तुमचं चालू द्या.”

अनीशने बाटली उघडली. ग्लास तिरका धरून हळूहळू बीअर ओतली, मग स्वतःचाही ग्लास भरला. रंग फिकट सोनेरी होता आणि फेस नीट बसला होता. आसावरीने ग्लास उचलला. अनीश तिच्या नाकाकडे बघत राहिला.

नाक जागचं हललं नाही.

“छान झालीय,” ती म्हणाली. “हलकी आहे. कडू अजिबात नाही.”

“खरंच?”

“खरंच रे. किती खटपट केलीस!” तिने आणखी दोन घोट घेतले. अनीशचे खांदे सैल झाले. ऋषीने टाळ्या वाजवल्या.

मग आसावरीने ग्लास खाली ठेवला. टेबलावरून हात लांब करून ऋषीची बाटली उचलली आणि दुसरा ग्लास काठोकाठ भरला.

“अहो वहिनी, ती कडूजहर आहे!” ऋषी ओरडला.

“बघू तरी.” तिने अनीशच्या ग्लासला आपला ग्लास लावला. टण्णकन आवाज झाला. मग तिने एक मोठा घोट घेतला, दुसरा घेतला, डोळे मिटले आणि वरच्या ओठावरचा फेस बोटाने पुसला.

“वा! काय मस्त आहे ही.”

ऋषी आधी तिच्याकडे, मग अनीशकडे बघू लागला. अनीशच्या हातातला ग्लास तसाच राहिला होता.

“पण तुला कडू आवडत नाही ना?”

आसावरी खुर्चीत मागे रेलली. तिने पाय लांब केले. इतकी निवांत बसलेली ती त्याला कुठल्याच पार्टीत दिसली नव्हती.

“आवडतं की. पण अमेरिकेतल्या आपल्या पहिल्या पार्टीत तू तिसरी बाटली उघडलीस, आणि मला कडू आवडेनासं झालं,” ती म्हणाली. “आपल्या दोघांपैकी कुणीतरी गाडी चालवत घरी यायला हवं होतं ना.”