वाजणारी गाडी

लायल स्टिअरिंगखाली उताणा पडला होता, पाय दाराबाहेर. पलीकडच्या सीटवरून त्याची बायको रोशेल वाकून मोबाइलचा उजेड धरत होती. गाडीची घंटी वाजतच होती. टिंग, टिंग, टिंग. किल्ली लावलेली आणि दार उघडं, म्हणजे गाडीच्या मते कुणीतरी वेंधळा किल्ली विसरून चालला आहे. ज्याने कुणी ही सोय केली त्याचा हेतू चांगलाच असणार. गाडीत राहायची वेळ मात्र त्या भल्या माणसावर आली नसावी.

अमेरिकेत सॅक्रामेंटोतल्या एका चर्चच्या आवारात घर गमावलेल्यांना रात्री गाडीत झोपू देत. इंजिन बंद ठेवायचं, आवाज करायचा नाही आणि रविवारी प्रार्थनेची माणसं यायच्या आत जागा रिकामी करायची, एवढ्याच अटी. पण लायलच्या जुन्या गाडीत किल्ली लावल्याशिवाय फोन चार्ज होत नसे, आणि मुलीचा, टेसाचा, सगळा अभ्यास त्या फोनवर. काचा खाली करायचं बटण कधीच मेलेलं. सप्टेंबरच्या उकाड्यात दार लावलं तर पोरगी उकडून निघायची. म्हणून संध्याकाळभर दार उघडं आणि संध्याकाळभर टिंग टिंग.

आवाराची देखरेख करणारे मिस्टर हॅन्ली काल येऊन गेले होते. फार गोड माणूस. शेजारच्यांना पहाटे कामावर जायचं असतं, या जागेसाठी आणखी कुटुंबं थांबली आहेत, उद्यापर्यंत तेवढा आवाज बंद झाला तर बरं होईल, असं त्यांनी अगदी हळू आवाजात सांगितलं. जाताना टेसाला बिस्किटं दिली.

घंटीची डबी लायलला सापडली होती. दोन वायरी कापल्या की काम संपलं असतं. पण कापायचं नाही, यावर तो अडून बसला होता. फडकं गुंडाळायचं, वर चिकटपट्टी मारायची. घर मिळालं की पट्टी ओढून काढायची, गाडी होती तशी. इथे आल्यापासून त्याचं सगळं असंच चाललं होतं. मागची सीट काढली असती तर तिघांना पाय पसरता आले असते, पण ती त्याने काढू दिली नाही. रोशेल पडदे शिवायला बसली तर म्हणाला, कशाला, थोड्या दिवसांचा तर प्रश्न आहे. ती टॉवेल चिमट्यांनी लावू लागली आणि तिने वाद घालणं सोडलं.

पट्टी मारून झाली. टेसाने दार लावून पुन्हा उघडलं. घंटी वाजलीच, गोधडीखालून कुणी हाक मारावी तशी. लायलने आणखी एक फडकं कोंबलं, मग टेसाचा मोजा. तरी वाजली.

शेजारच्या व्हॅनमधून वांडा उतरली. हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात काम करणारी, पन्नाशीची बाई, पायात सपाता. रागावलेली नव्हती. हातातली पक्कड तिने गाडीच्या टपावर ठेवली.

"इथे नवी आहे म्हणून वाजते," ती म्हणाली. "इथल्या सगळ्याच वाजायच्या आधी."

"आम्ही इथे राहणार नाही आहोत," लायल खालूनच म्हणाला.

पक्कड सकाळी दिली तरी चालेल, एवढं रोशेलला सांगून वांडा गेली. लायलने मान वर करून आवारावरून नजर फिरवली. गाड्यांची दारं उघडत होती, लागत होती. कुठे कुणी उशी झटकत होतं, कुठे कुणी म्हाताऱ्याला हात धरून उतरवत होतं. एकाही गाडीतून घंटीचा आवाज येत नव्हता. हे इतके दिवस आपल्या ध्यानात कसं आलं नाही, याचंच त्याला नवल वाटलं.

फाटकापाशी हॅन्लींची बॅटरी दिसली. त्यांची फेरी सुरू झाली होती.

"लायल, काप ते," रोशेल म्हणाली.

"कापलं की पुन्हा धड जोडता येणार नाही."

"कधी जोडणार आहेस?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर तो भांडला तरी असता. तिने टपावरची पक्कड घेऊन त्याच्या हातात दिली. त्याने एक वायर कापली, मग दुसरी. घंटीचा आवाज मधेच तुटला. हॅन्ली गाडीपाशी आले, क्षणभर कान देऊन थांबले, खुशीत मान डोलावली आणि पुढे गेले. लायल तसाच स्टिअरिंगखाली पडून राहिला आणि रडला. तिथे वरून कुणाला त्याचं तोंड दिसत नव्हतं.

मग उठून तो चर्चमागच्या नळावर गेला. हात धुतले, तोंड धुतलं, पुन्हा हात धुतले. परत आला तेव्हा दार लागलेलं होतं आणि काचांवर टॉवेल चढले होते. आत रोशेल कपडे बदलत असणार. एरवी तो सरळ दार उघडायचा, घंटी वाजायची आणि आतल्यांना कळायचं. त्याने दाराच्या मुठीला हात घातला आणि थांबला. असं न वाजता दार उघडलं तर दोघी दचकतील. त्याने बोटाच्या पेराने काचेवर हळूच दोनदा वाजवलं.

आतली कुजबूज थांबली.

"कोण आहे?" टेसाने विचारलं.

लायल हात खाली सोडून उभा राहिला.

"आई," टेसा आत म्हणाली, "दारात कोणीतरी आलंय."