तिसरी पायरी

कोडचा पॅच सातव्यांदा नापास होऊन परत आला. ड्युगल्डने दात-ओठ खाल्ले.

होबार्टजवळच्या केंद्रात सॅमन माशांची पिल्लं वाढवत. तिथल्या टाक्यांत हवा सोडणारा पंखा सहा वर्षं त्यानेच लिहिलेल्या ड्रायव्हरवर, म्हणजे यंत्र हाकणाऱ्या प्रोग्रॅमवर, चालत होता. आता तो ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये, त्या संगणक-प्रणालीच्या गाभ्यातच, घेतला जावा, जगभर आपलं नाव व्हावं, एवढीच त्याची नम्र इच्छा. आडवी येत होती मॉर्वेना. कोड तपासणं तिचं काम, खोड काढणं तिचा छंद.

ड्रायव्हरच्या तीन पायऱ्या होत्या. आधी वीज, मग इशाऱ्याची तार, मग चकती फिरवून वेग कमी-जास्त करता यावा म्हणून वेगाचा ताबा. वीज मिळाली की पंखा पूर्ण जोरात सुटे. त्याला आवरणं तिसरीचं काम.

"तिसरी फसली तर आधीच्या दोन उलट्या क्रमाने मागे घे, राजा," मॉर्वेनाने जगभरचे प्रोग्रॅमर वाचतात त्या ईमेल-यादीवर लिहिलं. "तू तर घरात शिरतोस, दिवे लावतोस, नळ सोडतोस, आणि चहापत्ती सापडली नाही म्हणून तसाच चालता होतोस. मागचं कोण आवरणार, तुझी आई?"

"बाई, सहा वर्षांत तिसरी एकदाही फसलेली नाही," त्याने सुनावलं. "पण तुमच्या समाधानासाठी होऊन जाऊ दे."

मागचं आवरणाऱ्या चार ओळी. जगावर उपकार केल्यासारख्या त्याने त्या लिहिल्या आणि घरूनच केंद्रातल्या यंत्रावर चढवल्या.

दोन मिनिटांत टाक्या सांभाळणाऱ्या नोलीनचा फोन आला. "अहो पंडित, पंखा मेलाय! पिल्लं वर येऊन तोंडं वासतायत!"

ड्युगल्डने घाईघाईने जुना ड्रायव्हर परत चढवला. फोनमधून घरघर ऐकू आली, तेव्हा कुठे त्याने नव्या ड्रायव्हरने यंत्रात ठेवलेली नोंद वाचली: तिसरी पायरी फसली, तार सोडली, वीज बंद केली. नेमकी आजच फसायची होती! त्याने यादीवर ठोकून दिलं, 'चालतं यंत्र नीटनेटकेपणाने मारल्याबद्दल मॉर्वेनाबाईंचे जाहीर आभार.' ते जगभर गेलं.

"नोलीन, आता सगळं पूर्वीसारखं चालतंय ना, बघू," तो फोनवर ऐटीत म्हणाला. "वेगाची चकती जरा अर्ध्यावर आण."

"ही होय?" नोलीन हसली. "हिने काय होतंय? पंखा पहिल्या दिवसापासून असाच पूर्ण जोरात बोंबलतोय. हिच्यावर मी माझी टोपी अडकवते."