हुकमी आसवं

सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात पोखर्णीची चांगुणा लग्न होऊन सेलूला निघाली, पण पाठवणीला तिचं हसूच थांबेना.

"रड की गं! न्हाईतर लोकं म्हणतील, पोरगी जायाचीच वाट बघायली व्हती," आई धुरपताबाई कुजबुजली.

नवरदेव सूर्यभानराव विज्ञानाचे मास्तर. "मामी, अश्रुग्रंथी हुकमानं वाहत नाहीत," त्यांनी समजावलं.

धुरपताबाईनं गुपचूप कांदा ठेचून लेकीच्या पदराला चोळला. पदराची गाठ नवरदेवाच्या शेल्याला होती. घामाघूम झालेल्या मास्तरांनी शेला समजून त्याच पदरानं डोळे खसखसून पुसले.

सगळं गाव बघायलं होतं.

मास्तरांच्या पाठीवर हात फिरवत चांगुणा म्हणाली, "उगी, रडू नका. आठ दिसानं येऊ की आपण माहेरी!"