नऊ नंबरची लाइन

गिरणी वसाहतीच्या नऊ नंबर लाइनचा गॅस सहा आठवडे रोज थोडाथोडा उतरत होता, म्हणून गॅस खात्याची इंजिनिअर संध्या कोळेकर स्वतःच गळती शोधायला आली. प्रत्येक वस्तीच्या मैल्याचा गाळ वेगळ्या टाकीत कुजवून त्या गॅसवर शहराचे दिवे चालत, आणि कुठली टाकी किती गॅस देते, याचा आलेख तिच्या पडद्यावर असे.

मदतनीस दस्तगीरने पाइपात कॅमेरा सोडून सगळी लाइन पाहिली. "मॅडम, कुठं चीरसुद्धा नाही. मैलाच येईना झालाय."

"मग लोक वसाहत सोडून गेले की काय?"

पण दारादारांत माणसं बसलेली होती, भर दुपारी. संध्याने एका म्हातारीला विचारलं, "आजी, तुमच्याकडचे संडास तुंबलेत का?"

"तुंबायला पोटात काय जायला नको व्हय?" म्हातारी शांतपणे म्हणाली. "गिरणी बंद पडून दोन म्हैनं झालं. एक येळ पेज पितो. कवा कवा तीबी न्हाई."

सहा आठवडे तो आलेख संध्याच्या डोळ्यांदेखत उतरत होता आणि रोज त्यापुढे 'पाइपगळती' असं लिहून ती घरी जेवायला जात होती.

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. "कोळेकर, सापडली का गळती?"

"गळती नाहीये, साहेब." संध्या म्हणाली. "इथली माणसं उपाशी आहेत. आधी धान्याची गाडी पाठवा. ती येईपर्यंत मी इथून हलणार नाही."

फोन ठेवून ती म्हातारीशेजारी पायरीवर बसली.